आपली बाटली, दुसऱ्याचा हात

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेला निघालो होतो. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस नेमका प्रवासाच्या दिवशी येत होता. मुंबईच्या विमानतळावर सुरक्षा तपासणी आटोपून पुढे गेल्यावर करमुक्त दुकानाच्या एका कोपऱ्यातल्या फळीवर नाशिकच्या लाल वाइनची बाटली दिसली. माझे बालपण दिंडोरी तालुक्यात गेले. ज्या शिवारात मी द्राक्षांच्या पेट्या भरताना पाहिल्या, त्या शिवाराचे नाव फ्रेंच बाटल्यांच्या शेजारी वाचून ऊर भरून आला आणि मी ती बाटली घेतली. दुकानातल्या मुलाने ती पारदर्शक पिशवीत घालून पिशवीचे तोंड चिकटवले, आत पावती दिसेल अशी ठेवली आणि सांगितले, "मुक्कामी पोहोचेपर्यंत उघडू नका." असल्या सूचना आपण ऐकतो त्या पद्धतीनेच मी ती ऐकली.

जेवणाचे ताट उचलून नेल्यावर मी पिशवी काढली आणि सेविकेकडे दोन ग्लास आणि बूच काढायला काही मिळेल का, असे विचारले. (हवाईसुंदरी हा शब्द मला कधीच आवडला नाही, त्या बाईंचे काम सुंदर दिसण्याचे नसून किती वेगळे आहे, हे या लेखात येईलच.) त्या वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "सर, ही बाटली तुम्हाला इथे उघडता येणार नाही. उघडलीत, तर मला तसे लिहून कळवावे लागेल." आणि दोनच मिनिटांत कंपनीच्या वाइनच्या दोन छोट्या बाटल्या त्यांनी आमच्यासमोर आणून ठेवल्या. फुकट.

मी चिडलो. हिचे आपले शांत. "अहो, फुकट देतायत ना? मग?" पण मला तेच बोचत होते. हॉटेलात आपली बाटली नेऊ देत नाहीत किंवा नेली तर बूच उघडण्याचे पैसे घेतात, हे समजते. त्यांचा धंदा बुडतो. इथे तर धंद्याचा प्रश्नच नव्हता. स्वतःचा माल फुकट वाटणारी कंपनी माझी विकत घेतलेली बाटली उघडू देत नव्हती. म्हणजे कारण पैशाचे नव्हते. मग कशाचे?

मी कायद्याचा पदवीधर नाही आणि विमानशास्त्राचाही नाही. पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की मूळ कागद पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. परतल्यावर वर्षभर मी नियमावल्या, वैद्यकीय नियतकालिके आणि जुन्या नोंदी चाळत राहिलो. हाती आले ते माझ्या रागापेक्षा बरेच मोठे निघाले.

आधी गैरसमज दूर करतो. वाइन विमानात नेण्याला कुणाचीही फारशी हरकत नाही. धोकादायक मालाच्या वाहतुकीचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, ते मद्याकडे फक्त ज्वलनशील द्रव म्हणून पाहतात. चोवीस टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असेल तर त्यांना त्याचे काही वाटत नाही. चोवीस ते सत्तर टक्के असेल तर दुकानातल्या मूळ बंद बाटलीत, माणशी पाच लिटरपर्यंत. सत्तरच्या वर असेल तर अजिबात नाही. वाइन साधारण बारा ते चौदा टक्क्यांची असते; म्हणजे या नियमापुढे वाइन जवळजवळ पाण्यासारखी. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाइन ही दारू की दारू नव्हे' यावर महाराष्ट्रात केवढे रण माजले होते, ते वाचकांना आठवत असेल. आगीपुरता का होईना, विमानवाहतुकीच्या नियमाने हा वाद केव्हाच निकालात काढला आहे.

वाइनची अडचण होते ती दुसऱ्याच नियमामुळे. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनमध्ये, पेयांच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटके नेऊन अटलांटिकवरची विमाने उडवण्याचा कट उघडकीला आला. तेव्हापासून हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या भांड्यातला द्रव घेऊन बहुतेक ठिकाणी तपासणीतून जाता येत नाही. साडेसातशे मिलिलिटरची बाटली तिथेच अडते. मग ती वाइनची असो की गंगाजलाची. तपासणीनंतरच्या दुकानात घेतलेली बाटली चालते, पण ती सीलबंद पिशवीत हवी. कारण वाटेत विमान बदलायचे असेल, तर पुढच्या विमानतळावर ती पिशवी हीच त्या बाटलीची ओळख. अमेरिकेत उतरून पुढचे देशांतर्गत विमान पकडणाऱ्याची पुन्हा तपासणी होते. पिशवी शाबूत असेल, पावती आत असेल आणि खरेदी अठ्ठेचाळीस तासांतली असेल, तरच ती बाटली हातातल्या सामानात पुढे जाते. माझी पिशवी मी आकाशात फाडली असती, तर शिकागोला ती बाटली कचऱ्याच्या डब्यात गेली असती. दुकानातल्या मुलाच्या सूचनेचा अर्थ मला असा सहा महिन्यांनी कळला.

पण हेही माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. बाटली माझ्यापर्यंत रीतसर आली होती. न्यायला हरकत नाही, पिण्यालाही हरकत नाही, कारण प्यायला तर त्याच देत होत्या. हरकत होती ती ओतण्याला. ती आली कुठून, हे शोधताना मी १९५० च्या दशकातल्या अमेरिकेत जाऊन पोहोचलो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विमानप्रवास भराभर वाढला. कंपन्यांमध्ये चढाओढ लागली आणि भाडे सरकारी नियंत्रणाखाली असल्यामुळे ती चढाओढ खाण्यापिण्यात उतरली. व्हिस्की, मार्टिनी, शॅम्पेन असे सगळे विमानात मिळू लागले. शिवाय अनेक प्रवासी कोटाच्या खिशात चपटी बाटली घेऊन चढत. केबिनमध्ये सेविका एक किंवा दोन, बहुतेक विशी-पंचविशीच्या अविवाहित मुली. लग्न झाले की नोकरी सुटत असे. तसा कंपन्यांचा नियमच होता. पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला आवरण्याचे काम त्यांच्यावर येई. मध्येच उतरवता येत नाही, पोलीस बोलावता येत नाहीत आणि ग्राहकाला दुखवायचे नाही, अशी वरिष्ठांची ताकीद. या मुलींनी एक गोष्ट केली, जी आपल्याला आज फारशी माहीत नाही. त्यांची संघटना वैमानिकांच्या संघटनेबरोबर उभी राहिली आणि विमानात दारूच नको, अशी मागणी त्यांनी वॉशिंग्टनपर्यंत नेली. त्या दशकात अमेरिकी काँग्रेसमध्ये विमानातल्या मद्यावर बंदी घालणारी विधेयके एकदा नव्हे, अनेकदा मांडली गेली. एक विधेयक १९५६ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूरही झाले, पण त्याचा कायदा झाला नाही.

बंदीच्या मागे दक्षिणेतल्या धर्मभीरू मतदारसंघांचे खासदार होते, हे खरे. म्हणून या प्रकरणाकडे नीतिवाद्यांची मोहीम म्हणून पाहण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. खासदारांच्या तोंडी नीती असेल, पण सेविकांची तक्रार नीतीची नव्हती. प्रवाशाने पिऊ नये असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्याला आवरायचे काम आमच्या गळ्यात बांधता आणि अधिकार मात्र देत नाही, अशी ती तक्रार होती. कामगाराची तक्रार होती ती.

१९५८ च्या कायद्याने अमेरिकेत विमानवाहतुकीसाठी नवे केंद्रीय खाते स्थापन झाले, तेच आजचे एफएए. त्याचे पहिले प्रमुख एलवूड क्वेसाडा हे हवाई दलातून निवृत्त झालेले जनरल. १९६० मध्ये या खात्याने संपूर्ण बंदीऐवजी मधला मार्ग काढला. आज तो नियम १२१.५७५ या क्रमांकाने ओळखला जातो आणि त्यातले पहिले वाक्य पासष्ट वर्षांनंतरही जवळपास तसेच आहे. विमान चालवणाऱ्या कंपनीने स्वतः दिलेले मद्य वगळता कुणीही विमानात मद्य पिऊ नये, एवढेच ते सांगते. पुढे कंपनीवर बंधने येतात. प्यायलेल्या दिसणाऱ्या माणसाला मद्य द्यायचे नाही. ज्याच्या हाताशी शस्त्र आहे त्याला द्यायचे नाही. प्यायलेल्या दिसणाऱ्याला विमानात चढू द्यायचे नाही. आणि अशा माणसाने गोंधळ घातला, तर पाच दिवसांच्या आत कळवायचे.

हा नियम मी पुन्हापुन्हा वाचला. त्यात 'किती' हा शब्द कुठेही नाही. दोन पेले की चार, याबद्दल तो गप्प आहे. कोणते पेय, तेही तो विचारत नाही. तो विचारतो फक्त एक गोष्ट: कुणाच्या हातून?

आपल्याकडच्या पंगतीत वाढपी असतो तो नुसता पळीचा धनी नसतो. कुणाच्या पानात किती जिलब्या पडल्या, कुणाला पुन्हा विचारायचे आणि कुणाला विचारायचे नाही, हे त्याच्या डोळ्यांत असते. प्रत्येकाने पातेल्यातून आपल्या हाताने घ्यायचे ठरवले, तर हा हिशेब कुणाकडेच उरत नाही. १९६० च्या नियमाने सेविकेला हा हिशेब दिला. शेवटी दारू कुणी थांबवायची, ही जबाबदारी तिच्यावरच येणार असेल, तर आत किती गेली हे तिला माहीत असले पाहिजे. कोटातली चपटी बाटली या हिशेबाबाहेरची, म्हणून ती बंद.

हा हिशेब कसा राहतो, तेही पाहण्यासारखे आहे. आमच्यापुढे ठेवलेली वाइनची छोटी बाटली १८७ मिलिलिटरची होती, म्हणजे बरोबर पाव बाटली. व्हिस्की-जिनच्या छोट्या बाटल्या पन्नास मिलिलिटरच्या. मला वाटायचे, जागा वाचवण्यासाठी हे चोचले असावेत. जागा, वजन, विक्री ही कारणे आहेतच, पण त्याबरोबर ही मापेही आहेत. किती रिकाम्या बाटल्या उचलल्या, यावरून सेविकेला तुमचा अंदाज येतो. साडेसातशेची बाटली दोन आसनांमध्ये उघडून ठेवली, तर हा अंदाज संपला. कोण किती प्यायले, शेजारच्याला किती दिली, काही कळायला मार्ग नाही. आणि रिकामी झाल्यावर ती जाड काचेची बाटली चिडलेल्या माणसाच्या हाताशी राहते, ते वेगळेच.

मोजण्याची गरज जमिनीपेक्षा विमानात जास्त का, याचे उत्तर शरीरात आहे. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर उडत असले, तरी केबिनमधला दाब कृत्रिमरीत्या राखतात. पण समुद्रसपाटीइतका नव्हे. तो जास्तीत जास्त आठ हजार फुटांवरच्या हवेइतका विरळ असू शकतो. आपले महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर आहे, एवढे लक्षात घेतले म्हणजे अंदाज येईल. निरोगी माणसाला याने काही होत नाही, रक्तातला प्राणवायू थोडा उतरतो इतकेच. 'वरचा एक पेला म्हणजे खालचे दोन' असे लोक म्हणतात, ते शब्दशः खरे नाही. उंचीमुळे रक्तातले अल्कोहोल वाढत नाही. पण प्राणवायूची कमतरता आणि मद्य यांची बेरीज होते. जर्मनीच्या एरोस्पेस संस्थेने कोलोन इथे केलेला एक प्रयोग २०२४ मध्ये 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अठरा ते चाळीस वयाच्या अठ्ठेचाळीस निरोगी माणसांपैकी काहींना साध्या हवेत आणि काहींना आठ हजार फुटांइतक्या विरळ हवेत चार तास झोपवले. एकदा मद्य देऊन, एकदा न देता. मद्य होते साधारण दोन पेले वाइनइतके. साध्या हवेत, न पिता झोपलेल्यांच्या रक्तातला प्राणवायू ९६ टक्क्यांच्या आसपास होता आणि नाडी ६४. विरळ हवेत पिऊन झोपलेल्यांचा प्राणवायू ८५ टक्क्यांवर आला आणि नाडी ८८ वर गेली. ही तरणीताठी माणसे. हृदयाचे किंवा फुप्फुसाचे दुखणे असलेल्या साठीतल्या माणसाचे काय होईल, याची काळजी संशोधकांनी व्यक्त केली आहे.

हे वाचल्यावर मी थोडा वेळ कागद बाजूला ठेवून बसलो. माझ्या पत्नीला दमा आहे. त्या दिवशी ती बाटली आम्ही दोघांनी उघडली असती, अर्धी-अर्धी संपवली असती आणि झोपून गेलो असतो. पाऊण लिटरचे निम्मे, म्हणजे प्रयोगातल्या मात्रेपेक्षा थोडे जास्तच.

चवीबद्दल म्हणाल, तर तिथे फारसे काही गमावले असते असेही नाही. म्युनिकजवळच्या होल्त्सकिर्खेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत एअरबसच्या खऱ्या धडाचा तुकडा एका दाबनळीत बसवलेला आहे. लुफ्तान्झाने २०१० च्या सुमारास तिथे चवीचे प्रयोग करवून घेतले. कमी दाब आणि वाळवंटासारखी कोरडी हवा यांमुळे मीठ आणि साखर जिभेला बरीच कमी लागतात, असे आढळले. नाक कोरडे पडले की वास मंदावतो, आणि वाइनमध्ये वासच गेला तर उरते काय? फळाचा गोडवा दबतो, तुरटपणा आणि आंबटपणा पुढे येतो. इंजिनांचा आवाजही यात भर टाकतो. कॉर्नेल विद्यापीठात २०१५ मध्ये दिसले की विमानाइतक्या गोंगाटात गोड कमी लागते आणि टोमॅटोसारख्या पदार्थांतला 'उमामी' स्वाद अधिक लागतो. म्हणजे नाशिकच्या उन्हातली द्राक्षे चाखायला आकाश ही जागाच वाईट.

नियमाच्या कडा मात्र धड शिवलेल्या नाहीत. तुमचे स्वतःचे खासगी विमान असेल आणि ते भाड्याने चालत नसेल, तर अमेरिकेत हा नियम तुम्हाला लागू नाही. आपली बाटली आपण खुशाल उघडावी. तिकीट काढणाऱ्याला आणि भाड्याचे छोटे विमान घेणाऱ्याला मात्र लागू. दुसरी कड अधिक गमतीची. कंपनीने मद्य 'दिलेले' असले पाहिजे, असे नियम म्हणतो. ते कंपनीच्या मालकीचे असले पाहिजे, असे म्हणत नाही. मग मी माझी बाटली सेविकेच्या हाती दिली आणि तिने मोजून ओतली, तर? अक्षराने पाहता नियम पाळला गेला. एफएए स्वतः प्रवाशांना सांगते तेही इतकेच, की केबिन कर्मचाऱ्याने दिल्याखेरीज पिऊ नये. पण आपल्या ताब्यात नसलेली बाटली, तिच्यात काय आहे याची खात्री नाही, आणि काही झाले तर दोष ओतणाऱ्याचा. म्हणून कंपन्यांनी आपल्या अटींमध्ये ही फट बहुधा बुजवून टाकलेली असते. माझ्या मते ती बुजवली, हे बरे केले.

आकाशात कायदा कुणाचा, या प्रश्नाचा एक किस्सा इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. कॅन्सस हे अमेरिकेतले जुने दारूबंदीवाले राज्य; १९४८ मध्ये बंदी उठली तरी उघड्यावर पेल्याने दारू विकायला तिथे मनाई होती. १९७१ मध्ये व्हर्न मिलर नावाचे गृहस्थ राज्याचे महाधिवक्ता झाले. त्यांनी १९७२ मध्ये राज्यातून जाणाऱ्या रेल्वेगाडीत पेये विकली म्हणून छापा घातला आणि न्यायालयानेही राज्याची बाजू उचलून धरली. मग त्यांची नजर वर गेली. कॅन्ससची हद्द जमिनीवरच संपत नाही, वर आकाशातही जाते, असे त्यांनी कंपन्यांना सुनावले. आणि काही काळ खरोखरच विमान कॅन्ससवरून जात असताना पेले भरणे थांबत असे! खाली मक्याची आणि गव्हाची शेते, वर रिकामे पेले. आज हे वाचताना हसू येते. पण मिलर आणि १९६० चा नियम यांच्यात मूलभूत फरक आहे. मिलर यांचा प्रश्न 'कुठे' हा होता, नियमाचा 'कुणाच्या हातून' हा. पहिला विसरला गेला, दुसरा टिकला.

महाराष्ट्राला तर या बाबतीत तिसराच प्रश्न ठाऊक आहे, 'कोण'. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवाना मागितला तो पिणाऱ्याकडे. तो कायदा नाव बदलून आजही आहे. एक दिवसाचा परवाना देशीसाठी दोन रुपये आणि विदेशीसाठी पाच रुपये, ही तरतूदही आहे, आणि किती जण तो खिशात बाळगतात ते आपण जाणतोच. वाइन आणि बिअरला एकविसावे वर्ष, इतर दारूला पंचविसावे. या सगळ्यात नजर पिणाऱ्यावर. ओतणाऱ्या वेटरकडे मोजणी आणि नकार या दोन्हींचा अधिकार आहे, अशी कल्पना आपल्या समाजात रुजलीच नाही. म्हणून सेविकेने 'आता नाही' म्हटले की आपल्याला तो अपमान वाटतो. मलाही तो तसाच वाटला होता.

भारतातल्या देशांतर्गत विमानांत मद्य दिलेच जात नाही, त्यामुळे हा प्रश्न आपल्यापुढे येतो तो परदेशी प्रवासात. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कहून दिल्लीला येणाऱ्या विमानात एका प्यायलेल्या प्रवाशाच्या हातून एका वृद्धेच्या बाबतीत घडलेला किळसवाणा प्रकार वाचकांना आठवत असेल. त्याबद्दल नियामक संस्थेने एअर इंडियाला तीस लाखांचा दंड केला आणि मुख्य वैमानिकाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने मद्यविषयक धोरण सुधारले. कर्मचाऱ्यांनी दिल्याखेरीज प्रवाशांना पिऊ देऊ नये आणि स्वतःजवळचे मद्य कुणी पीत असल्यास ते हेरण्याकडे लक्ष ठेवावे, असे त्यात आहे. साठ वर्षांपूर्वीची तीच वाट. शिवाय भारतीय नियमांत २०१७ पासून बेशिस्त प्रवाशांच्या तीन पायऱ्या आहेत. शाब्दिक गैरवर्तनाला तीन महिन्यांपर्यंत प्रवासबंदी, अंगचटीला येण्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि जीव धोक्यात घालण्याला किमान दोन वर्षे. टोकियोच्या १९६३ च्या करारानुसार वैमानिकाला असा प्रवासी बांधून ठेवण्याचा आणि वाटेत उतरवण्याचा अधिकारही आहे. पण हे सगळे नंतरचे उपाय.

आणि एक गोष्ट मला अजून खटकते. सेविकेच्या हातात माप दिले, पण तिच्या दारापर्यंत दारू पोहोचवण्याचा धंदा जोरात आहे. जगातले पहिले विमानतळावरचे करमुक्त दुकान आयर्लंडमधल्या शॅनन इथे १९४७ मध्ये निघाले. आज त्या दुकानांच्या भाड्यावर विमानतळ पोसले जातात. ब्रिटनमध्ये विमानात नशेत असणे हाच मुळात गुन्हा, त्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास. पण तपासणीच्या पलीकडच्या बारना नेहमीचा मद्यपरवान्याचा कायदा लागू नाही, त्यामुळे पहाटे पाचलाही पेला भरून मिळतो. अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये एफएएच्या प्रमुखांनी विमानतळांना पत्र लिहिले: तुमची दुकाने पेये बरोबर न्यायला देतात आणि प्रवाशांना वाटते की ती विमानात चालतात, हे थांबवा. म्हणजे दुकानदार ओतून मोकळा, कमाई विमानतळाची, आणि मोजायचे कुणी? जिला त्यातले काहीच दिसले नाही तिने, आणि तेही प्रवासी दारातून आत येतानाच्या दोन सेकंदांत, त्याच्या डोळ्यांकडे पाहून. १९५० च्या दशकातल्या मुलींनी मागितले होते ते त्यांना अर्धेच मिळाले, असे माझे मत झाले आहे.

आमची बाटली शिकागोला सीलबंद उतरली, तिथली तपासणी पार करून मुलीच्या गावी पोहोचली आणि दोन दिवस टेबलावर उभी राहिली. तिसऱ्या दिवशी उघडायची ठरवली, तर मुलीकडे बूच काढायचे साधन नव्हते. शेजारच्या तेलुगू कुटुंबाकडून ते आणले. हिने चार ग्लास मांडले, चौथा शेजारणीसाठी, आणि स्वतःच्या हाताने ओतली. मला थोडी कमी आली, असे तेव्हा वाटले होते.